पंख्याची सर्दी

आमचे हे कुठेही गेले की आधी वर बघतात. कुणाकडे जेवायला बोलावलेलं असो, दवाखान्यात नंबर लावायचा असो की लग्नाच्या हॉलमध्ये आहेर द्यायचा असो, माणसांकडे लक्ष नंतर जाणार. आधी मान वर. छताचे चारही कोपरे नजरेखालून गेले, की मग खाली उतरून, "काय, बरं आहे ना सगळं?" यजमानाला वाटतं आपली चौकशी चाललीय. मला माहीत असतं, ती चौकशी स्लॅबची असते.

धंदाच तसा. घरांची गळती शोधायची आणि बंद करायची. दुकानाच्या पाटीवर भारदस्त अक्षरांत 'वॉटरप्रूफिंग' लिहिलंय, पण ती पाटी वाचून आजवर कुणी आत आलेलं नाही. लोक येतात ते "गळतीकाकांचं दुकान कुठे?" असं विचारत. यांना नावाने हाक मारणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, आणि त्यांत अर्थातच मी नाही.

पस्तीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हाही हेच. मी चहा घेऊन समोर उभी आणि हे वर बघतायत. माझी मावशी आईच्या कानात म्हणाली, "मुलगा फार लाजाळू दिसतो गं. बाकीचे मान खाली घालतात, याने वर घातलीय एवढंच." चहा संपल्यावर यांनी जे पहिलं वाक्य उच्चारलं ते माझ्या वडिलांना उद्देशून होतं. "तुमच्या वरच्यांच्या न्हाणीघराची मोरी फुटलीय. महिन्याभरात इथला गिलावा खाली येणार." गिलावा बाविसाव्या दिवशी आला. वडिलांनी यांना परत बोलावून आधी मोरी दुरुस्त करून घेतली आणि मग हळूच माझा विषय काढला.

यांची पद्धत अगदी साधी. वाकवलेल्या मधल्या बोटाने भिंत ठोकायची, कान लावायचा, भिंत भरीव बोलतेय की पोकळ ते ऐकायचं. मग संशय जिथे असेल तिथे वर जाऊन पाण्यात चिमूटभर नीळ टाकायची. हो, कपड्यांना घालतात तीच. खाली जिथून निळा थेंब आला, ती पाण्याची वाट. मी लग्न होऊन आले तेव्हा यांच्या एकूण एक सदऱ्याचा खिसा निळा होता. आजही घराबाहेर पडताना हे तीन खिसे चाचपतात: चष्मा, रुमाल, निळीची पुडी. किल्ली विसरतील, पुडी नाही.

आठ वर्षांपूर्वी मुलगा यांच्या हाताखाली आला. शिकलेला, वाचणारा. त्याने एक पिस्तुलासारखं यंत्र आणलं. भिंतीवर नेम धरून चाप ओढला की किती ओल, किती गारवा ते आकड्यात दिसतं. हे त्याला 'तापाचं यंत्र' म्हणायचे. "बघ रे, भिंतीला ताप आहे का? असला तर शाळेत पाठवू नकोस." मुलगा हसायचा. एक ठोकून बघायचा, दुसरा नेम धरायचा, आणि निदान बहुतेक वेळा एकच निघायचं. छान चाललं होतं, ते वाचनालयाची गळती येईपर्यंत.

गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाने वाचनकक्षात एसी बसवला, सुरेख फॉल्स सीलिंग केलं, आणि यंदा ऐन उन्हाळ्यात त्याच सीलिंगमधून वाचणाऱ्यांच्या टेबलावर थेंब पडायला लागले. ग्रंथपाल बाईंनी बापलेकांना बोलावलं. त्या दिवशी पुस्तक बदलायला म्हणून मीही तिथेच होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोर झालं.

"गच्ची उकरावी लागेल," यांनी दोन मिनिटांत निकाल दिला.

मुलगा स्टुलावर चढून सीलिंगच्या झरोक्यात डोकं घालून बसला होता. तिथूनच म्हणाला, "बाबा, दोन महिने पाऊस नाही. गच्ची ठणठणीत कोरडी आहे. हे पाणी वरून येतच नाहीये."

"मग काय खालून वर चढतंय?"

"इथे थंड हवेची पत्र्याची नळी आहे. एका ठिकाणी तिच्यावरचं वेष्टण निघालंय. आत गार पत्रा, बाहेर दमट उकाडा. नळीला घाम येतोय. या ना, तुम्ही एकदा वर चढून बघा तरी."

"नळीला घाम!" हे असे हसले की वाचणाऱ्या दोघांनी माना वर केल्या. "उद्या म्हणशील, पंख्याला सर्दी झाली. ऐकलंत का बाई? ते पिस्तूल आता याच्याच कपाळाला लावून बघा."

ग्रंथपाल बाई हसल्या. वाचणारे दोघे हसले. मुलगा तेवढा हसला नाही. तो स्टुलावरून उतरला, यंत्र पेटीत ठेवलं, पेटीची कडी लावली.

घरी आल्यावर जेवताना तो शांतपणे म्हणाला, "बाबा, माझं निदान चुकीचं असेलही. पण आठ वर्षांत पहिल्यांदा एक निदान मी माझं म्हणून सांगितलं आणि तुम्ही स्टुलावरसुद्धा चढला नाहीत. त्या गच्चीवर पहिली कुदळ पडली, की मी ती नोकरी घेतो."

ती नोकरी म्हणजे दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कंपनीची. पत्र येऊन दोन महिने झाले होते, आणि ते कपाटात कपड्यांखाली आहे हे कपडे ठेवणारी म्हणून मला ठाऊक होतं. यांना मात्र ते पत्र आमटीच्या वाटीसमोर कळलं.

"घे की," हे म्हणाले. "मी काय अडवलंय?"

आणि यांनी मुकादमाला तारीख देऊन टाकली. पुढच्या पंधरवड्यातला शनिवार, संध्याकाळी सहाला वाचनालय बंद झालं की गच्ची उकरायला घ्यायची.

यांच्या तोंडून 'माझं चुकलं' हे दोन शब्द मी कधी ऐकलेले नाहीत. एकदा मी आजारी होते तेव्हा यांनी भाजीत मिठाऐवजी साखर घातली. चव घेऊन म्हणाले, "बरोबर आहे. आजाऱ्याला गोडच द्यावं." असा माणूस गच्ची थांबवेल ही आशाच नको. आणि मुलगाही यांचाच. एकदा बोलला की बोलला. मुलगा आणि सून सामान बांधून निघालीत, असं मला दिवसाढवळ्या दिसायला लागलं.

आता यात आमची परदेशाची सहल येऊन पडली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मुलाने आणि सुनेने हिवाळ्यातच तिकिटं काढून ठेवली होती. दहा दिवस, किल्ले आणि तळी. तेव्हा घरात सगळं गोडीगुलाबीचं होतं. निघायची वेळ आली ती नेमकी अबोल्यात. विमानतळावर बापलेक हातभर अंतरावर उभे.

"आई, बाबांना सांग, गुडघ्याची गोळी पुढच्या कप्प्यात आहे."

"त्याला सांग, मला दिसली."

"त्यांना सांग, रोज जेवणानंतर घ्यायची."

"त्याला सांग, मी लहान नाही."

मी दोघांच्या मधे उभी राहून नुसती मान इकडून तिकडे फिरवत होते. शेवटी सूनच म्हणाली, "आई, तुम्ही जा आत. निरोप मी पाठवत राहीन."

सहल सुंदर होती. डोंगर हिरवे, रस्ते धुतल्यासारखे, खिडक्यांत फुलं, आणि प्रत्येक वळणावर एक तळं. आमच्या गटाची वाटाड्या एक हसरी मुलगी होती. हातात मिटलेली पिवळी छत्री उंच धरून ती पुढे चालायची आणि आम्ही पंचवीस जण तिच्या मागे. आम्ही तिला छत्रीवालीच म्हणायला लागलो. ती म्हणायची, "डावीकडे बघा, राणीचं दालन." पंचवीस माना डावीकडे. एक मान वर.

फोटो काढायचं काम यांच्याकडे होतं. तिसऱ्या दिवशी हॉटेलात बसून मी बघितलं, तर एकशे चौदा फोटोंत छतं एक्क्याण्णव. कोपरे, भेगा, पोपडे, एका राजाच्या पलंगावरचा ओलीचा डाग तीन बाजूंनी. माझे चार. त्यांतल्या एकात मी आहे हे माझ्या पिशवीवरून ओळखायचं.

"अहो, मी कुठेय?"

"ही काय. खांबाच्या बाजूला."

"हा माझा कान आहे."

"कान तर कान. स्पष्ट आलाय ना?"

मला होडीत बसायची फार हौस होती. प्रत्येक किल्ल्याखाली तळं आणि प्रत्येक तळ्यात होड्या. पण होडीचं नाव काढलं की हे धक्क्यावरच पाय रोवायचे. "चाळीस वर्षं मी पाणी आत येऊ नये म्हणून झगडलो. आता पैसे देऊन पाण्यावर जाऊन बसू? जिला खालून चोवीस तास पाणी लागलंय तिच्यात मी पाय ठेवणार नाही." मग मी धक्क्यावर बसून दुसऱ्यांच्या बायका होडीतून हात हलवताना बघायची.

रोज सुनेचा फोन यायचा. मागून मुलाचा आवाज, "बाबांचा गुडघा कसा आहे विचार." इकडून हे, "सांग, गुडघा आपल्या जागी आहे." गच्चीचं नाव कुणीच काढत नव्हतं. मी एकदा काढून बघितलं. म्हटलं, "मुकादमाला आपण परत येईपर्यंत थांबायला सांगितलं तर? गच्ची काही पळून जात नाही."

"थांबायला सांगायचं म्हणजे मला खात्री नाही असं सांगायचं," हे म्हणाले आणि कूस बदलली. पण कूस बदलून झोपले नाहीत. माणूस झोपलाय की नुसता डोळे मिटून पडलाय हे पस्तीस वर्षांनी पाठीवरूनही कळतं.

शनिवारी आम्ही पाचवा किल्ला बघायला गेलो. हा सगळ्यांत देखणा. तळ्यातून वर आलेल्या खडकावरच बांधलेला, तीन बाजूंनी पाणी. तळमजल्यावर खडकात कोरलेलं मोठं दालन होतं, एके काळचं स्वयंपाकघर. बाहेर कडक ऊन, आत गेल्याबरोबर अंगावर काटा. आणि त्या दालनाच्या मधोमध, मोठ्या लोखंडी तुळईखाली, एक निळी प्लॅस्टिकची बादली. बादलीत टप्प. थोड्या वेळाने टप्प.

यांचा चेहरा असा उजळला की लग्नाच्या फोटोतसुद्धा तसा नाही.

"तू पुढे हो. मी आलोच."

यांचं 'आलोच' मी ओळखते. मी पुढे झाले नाही. यांनी वर बघितलं, दालनाची लांबी पावलांनी मोजली, भिंतीवर बोट ठोकलं, कान लावला. एका जपानी आजोबांना वाटलं भिंतीत काही ऐकू येतं, त्यांनीही लावला. मग हे गोल जिन्याने वर निघाले आणि मी मागे. साठ पायऱ्या. वर गच्ची, तिथे फुलांच्या कुंड्या, आणि कडेने दगडी पन्हळ. कुंड्यांना घातलेलं पाणी त्या पन्हळीत साचलेलं.

"सापडलं," हे म्हणाले. "बघ, बरोबर तुळईच्या वर. कुठेही जा, गळती म्हणजे गच्ची. पाणी वरूनच येतं."

शेवटचं वाक्य माझ्यासाठी नव्हतं. ते साडेतीन तास पुढे घड्याळ असलेल्या देशातल्या आमच्या मुलासाठी होतं.

"अहो, परक्या मुलखात काही करू नका हं," मी म्हणेपर्यंत पुडी बाहेर निघून चिमूट पाण्यात पडलीसुद्धा. पन्हळ सुरेख निळी झाली. हे गुडघा विसरून साठ पायऱ्या उतरले आणि बादलीपाशी हाताची घडी घालून उभे राहिले.

टप्प. स्वच्छ थेंब.

"वाट लांबची असेल," हे म्हणाले.

टप्प. स्वच्छ. गर्दी वाढत होती, एक गट गेला की दुसरा येत होता, थेंबही घाईने पडायला लागले होते. पण निळेपणाचं नाव नाही. पाव तास झाला. यांनी चष्मा पुसला, जणू निळा रंग चष्म्यानेच अडवून ठेवला होता.

तेवढ्यात बाहेरच्या अंगणातून ओरडा ऐकू आला. आम्ही धावलो. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला भिंतीत एक दगडी सिंह होता, त्याच्या तोंडातून पाण्याची बारीक धार हौदात पडायची. ती धार आता आकाशासारखी निळी झाली होती. शंभर-दीडशे माणसं फोन उंचावून फोटो काढत होती. आमची छत्रीवाली क्षणभर सिंहाकडे बघतच राहिली. मग तिने छत्री उंच केली आणि जाहीर केलं, "राजकन्येच्या लग्नात या सिंहाच्या तोंडून असंच निळं पाणी सोडत असत. तुम्ही नशीबवान आहात, हे रोज बघायला मिळत नाही." हे सगळं तिने त्या क्षणी रचलं होतं हे समजायला फार अक्कल लागत नव्हती. मला तिचं फार कौतुक वाटलं.

पण यांना हसू आलं नाही. हे सिंहाकडे बघत होते, मग दालनाच्या दाराकडे, मग परत सिंहाकडे. गच्चीचं पाणी इथे येत होतं. मग बादलीत कुठलं पडत होतं?

"दाखवा बघू हात," असं काहीसं कुणीतरी म्हणालं. भाषा कळली नाही, सूर कळला. समोर एक जाडजूड आजी उभ्या होत्या, कमरेला पसाभर किल्ल्यांचा जुडगा. किल्ल्याची देखभाल त्यांच्याकडे होती. त्यांनी यांचा उजवा हात धरला. बोटं निळी. यांनी शाळेतल्या पोरासारखा दुसरा हात पाठीमागे लपवला. तोही निळाच होता.

मी घाईघाईने माझं मोडकंतोडकं इंग्रजी पुढे केलं. नवरा गळती शोधतो, चाळीस वर्षं शोधतो, वाईट हेतू नाही, रंग कपड्यांचा आहे, धुतला जाईल. आजींचं इंग्रजी माझ्याहून मोडकं निघालं, त्यामुळे आमचं छान जमलं. त्यांनी एकदा यांच्याकडे, एकदा सिंहाकडे बघितलं, आणि पोट धरून हसल्या. मग यांना दंडाला धरून परत बादलीपाशी नेलं.

त्यांनी जे सांगितलं ते असं. पाऊस आला, बादली नको. हिवाळा, बादली नको. उन्हाळा, ऊन, माणसंच माणसं: बादली, बादली, बादली.

"तिला विचार, सकाळी कितपत भरलेली असते?" हे म्हणाले.

विचारलं. सकाळी कोरडी.

"असं कसं होईल? तुळईच्या वर गच्ची आहे. तिला म्हणावं..."

आजींना पुढचं ऐकायचं नव्हतं. त्यांनी यांच्या नाकावरचा चष्मा सरळ काढून घेतला. काचा खडकाच्या गार भिंतीला टेकवून थोडा वेळ धरला. मग तोंडासमोर आणून मोठा श्वास सोडला, हाऽऽ, आणि चष्मा परत यांच्या नाकावर बसवला. दोन्ही काचा पांढऱ्या. त्यांनी तुळईकडे बोट केलं, मग आत येणाऱ्या घामेजल्या, धापा टाकणाऱ्या गटाकडे, आणि परत एकदा, "हाऽऽ."

हे त्या आंधळ्या चष्म्यातून समोर बघत उभे राहिले. हललेच नाहीत. काचेवर एक थेंब जमला आणि खाली ओघळला.

"अहो?" मी म्हटलं.

"घाम," हे म्हणाले. अगदी हळू. मग एकदम, "आज वार कुठला?"

"शनिवार."

"वाजले किती?"

"दोन."

म्हणजे आमच्याकडे साडेपाच. सहाला वाचनालय बंद, आणि मुकादम वेळेचा पक्का.

यांनी फोन काढला. त्या खडकात कुठला सिग्नल येतोय! अंगणात आलो, तिथेही नाही. मागे डोंगर, बाजूला डोंगर. तिकीट खिडकीतला फोन फक्त किल्ल्यातल्या किल्ल्यात बोलायचा. किल्लीवाल्या आजींनी आमची धावपळ बघितली, यांच्या हातातल्या फोनकडे बघितलं आणि खाली तळ्याकडे बोट दाखवलं. तळ्याच्या मधोमध एक होडी होती, तिच्यातली चार माणसं कानाला फोन लावून बसली होती.

हे तळ्याकडे बघत राहिले. "दुसरा काही मार्ग नाही का?"

"आहे," मी म्हटलं. "पोहत जा."

आम्ही धक्क्याकडे अक्षरशः पळालो. होडी सुटायच्या बेतात होती. मी आधी उडी मारली, आणि यांचा एक पाय धक्क्यावर, एक होडीत, असा तो थोर क्षण आला. नावाड्याने कोपराला धरून यांना आत ओढलं. होडीच्या तळाशी बोटभर पाणी होतं. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"आत पाणी आहे."

"असू दे. फोन बघा."

काठ मागे पडला. सव्वादोन झाले. फोनवर एक रेघ आली, गेली, दोन आल्या. यांनी नावांची यादी उघडली. मी शेजारीच होते, त्यामुळे मला दिसत होतं. अंगठा सरकत 'मुकादम' या नावावर आला आणि तिथे थांबला.

मुकादमाला नुसतं 'आज नको' म्हटलं की काम झालं. गच्ची वाचली. कारण द्यायला नको, कुणापुढे काही कबूल करायला नको. परत गेल्यावर 'मीच विचार बदलला' म्हणायला हे मोकळे. गच्ची वाचली असती, पण कपाटातलं पत्र तिथेच राहिलं असतं. मला खूप काही बोलायचं होतं. मी ओठ मिटून तळ्याकडे बघत बसले. इतके दिवस बघायचं होतं ते तळं, आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं.

अंगठा वर सरकला. यांनी मुलाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. नाही तर यांना कमी ऐकू येतं, पण तेही आमच्याकडे अजून कबूल झालेलं नाही.

"हं," तिकडून कोरडा आवाज.

"कुठे आहेस?"

"वाचनालयाच्या गच्चीवर. मुकादम आलेत, माणसं आलीत. तुमच्या सांगण्यावरून सगळं तयार आहे. बाई खाली कुलूप घालायला थांबल्यात."

"पंखा कसा आहे?"

"कुठला पंखा?"

"वाचनकक्षातला. सर्दी कशी आहे त्याची?"

तिकडून काळजीचा आवाज, "बाबा, तुम्ही बरे आहात ना? आई आहे का जवळ?"

"आई आहे, मीही बरा आहे. नळीला घाम येऊ शकतो, तर पंख्याला सर्दी का नाही होणार? इथे एका लोखंडी तुळईला आलाय. बादलीभर. मी नीळ टाकली तर ती भलत्याच सिंहाच्या तोंडातून बाहेर आली." यांनी फोन तोंडाजवळ आणला. "अरे, तू स्टुलावर चढ म्हणालास तेव्हा मी चढायला हवं होतं. मुकादमाला चहा पाज आणि घरी पाठव. गच्चीला हात लावायचा नाही. आणि त्या नळीला..."

होडी किल्ल्याच्या मागे वळली आणि फोन बंद पडला.

"ऐकलं का गं त्याने?" यांनी मला विचारलं. "शेवटचं ऐकलं का?"

"कुठलं शेवटचं?"

"तेच. स्टुलाचं."

"मला काय माहीत? मी ऐकलं."

"तू ऐकून काय उपयोग?" असं म्हणून हे फोन उंच धरून उभे राहिले. नावाड्याने ओरडून खाली बसवलं. किल्ल्याला वळसा घालायला पंचवीस मिनिटं लागतात, असं त्याने बोटांनी सांगितलं. ती पंचवीस मिनिटं हे एका हाताने काठ आणि एका हाताने फोन धरून बसले होते, आणि पाय तळच्या पाण्यातून वर उचलायचंही यांना सुचलं नाही. एरवी ज्या माणसाने त्या पाण्याचा उगम शोधला असता, त्याचे बूट भिजत होते आणि त्याला पत्ता नव्हता.

काठावरून सिंह दिसला. अजून फिकट निळा. त्याच्यासमोर छत्रीवाली दुसऱ्या गटाला राजकन्येचं लग्न सांगत होती.

मग फोन वाजला नाही, नुसता थरथरला. मुलाचा एक फोटो आला होता. यांनी चष्मा वर सरकवला, दोन्ही हातांनी फोन जवळ घेतला. फोटो छताचा होता. फॉल्स सीलिंगचा झरोका उघडा, आत ती पत्र्याची नळी, आणि नळीला मुकादमाच्या माणसांची घोंगडी गुंडाळून सुतळीने करकचून बांधलेली. खाली लिहिलं होतं: घाम पुसलाय. सोमवारी नवीन वेष्टण घालतो. तुम्ही आलात की स्टुलावर चढून बघा आणि मग बाईंना आपण दोघं मिळून सांगू. नोकरीचं आईला सांगा, कपाटातलं ते पत्र आता रद्दीत टाकलं तरी चालेल.

पत्राची जागा मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं तर.

हे तो फोटो बराच वेळ बघत राहिले. बोटांनी मोठा केला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला. मी वाट बघत होते. काहीतरी मोठं बोलतील असं मला वाटलं होतं.

"गुंडाळलंय व्यवस्थित," शेवटी म्हणाले. "फक्त डाव्या अंगाची गाठ जरा सैल आहे."

"तेवढं त्याला कळवू नका हं."

"छे छे," हे म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. खिसा निळा होताच. "परत गेल्यावर सांगेन. समोर बसून."

मी म्हटलं, "आता तरी तळं बघा. इतक्या लांब आलोय."

"बघतोय ना," हे म्हणाले. खाली वाकून, चष्मा कपाळावर चढवून, होडीच्या तळाची फळी वाकवलेल्या बोटाने ठोकत.